निवृत्तीचा फंड डिव्हिडंडच्या आधी घ्यावा की नंतर?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. वय ४७, कुपवाड एमआयडीसीत खासगी नोकरी. पेन्शन नाही, पीएफ काय असेल तेवढाच. दिवाळीचा बोनस आणि एक पिकलेली मुदत ठेव मिळून दोन लाख हातात आहेत. ते म्युच्युअल फंडाच्या रिटायरमेंट योजनेत घालायचं मनात आहे.

आमच्या बँकेतले एक साहेब माहितीपत्रक घेऊन घरी आले. त्यावर बॉलपेननं तारखेला गोल केला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड डेट आहे. त्याआधी पैसे टाकले तर युनिटमागं ५ रुपये डिव्हिडंड. आज भाव ५० आहे. म्हणजे आठ दिवसांत दहा टक्के सुटले." ऐकायला बरं वाटलं. पण मिसेस म्हणाल्या, एवढं सोपं असतं तर ते साहेब दारोदार का फिरले असते?

तर प्रश्न असा: तारखेच्या आधी घ्यावं, नंतर घ्यावं, की काहीच फरक पडत नाही? आणि हे फक्त फंडाचं आहे का, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा पीपीएफ (भविष्य निर्वाह निधीचं खातं) यांनाही असं काही असतं?

हळदबाजार (सांगली)

वहिनींचं बरोबर आहे. रेकॉर्ड डेट झाली की ५० चा फंड ४५ ला येतो. पोत्यातली पाच किलो हळद काढून तुमच्याच हातात ठेवली की पोतं तेवढं हलकं होणारच. त्याला कमाई म्हणायचं का तुम्हीच ठरवा.

भडंगप्रेमी (जयसिंगपूर)

दादा, पण शेअरमध्ये असं होतंच असं नाही ना? माझ्याकडच्या एका शेअरनं १२ रुपये डिव्हिडंड दिला आणि त्या दिवशी भाव ३ रुपयांनी वाढून बंद झाला. मग दोन्हीकडून फायदाच की.

विश्रामबागकर (सांगली, सीए)

भडंगप्रेमी, शेअरचा भाव बाजार ठरवतो. डिव्हिडंडचे १२ रुपये भावातून गेलेच, पण त्याच दिवशी बाजार किंवा त्या कंपनीची बातमी चांगली असेल तर वरून १५ रुपये येऊ शकतात. तुम्हाला दिसते ती बेरीज. फंडाचा भाव म्हणजे एनएव्ही, आणि तो बाजारात घासाघीस करून ठरत नाही. फंडाकडं असलेल्या सगळ्या मालाची किंमत भागिले युनिटं, एवढंच. तिजोरीतून युनिटमागं ५ रुपये बाहेर गेले की एनएव्ही ५ रुपयांनी खाली. तिथं वाद नाही.

आता कृष्णाकाठ यांचा हिशेब मांडतो, कारण यात खरा काटा कराचा आहे आणि बँकेतल्या साहेबांनी तो भाग सोडून दिलेला दिसतो.

दोन लाखांत ५० च्या भावानं ४००० युनिटं. डिव्हिडंड ५ रुपयांनी २०,००० रुपये. भाव ४५ झाला, म्हणजे युनिटांची किंमत १,८०,०००. एकूण तेच दोन लाख. दमडी वाढली नाही. पण त्या २०,००० ला आयकर खातं तुमचं उत्पन्न समजतं. २०२० च्या अर्थसंकल्पानं डिव्हिडंड वितरण कर काढून टाकला, आणि १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड घेणाऱ्याच्या स्लॅबनं कर लागतो. तुमचं करपात्र उत्पन्न १६ ते २० लाखांच्या टप्प्यात आहे असं धरलं तर नव्या करप्रणालीत २० टक्के अधिक उपकर, म्हणजे २०.८ टक्के. ४,१६० रुपये गेले. कशाबद्दल? स्वतःचेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात घातल्याबद्दल.

त्यातही बँकेत २०,००० जमा होणार नाहीत. एका फंड हाऊसकडून वर्षात १०,००० च्या वर डिव्हिडंड गेला की १० टक्के टीडीएस कापतात (ही मर्यादा आधी ५,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली). म्हणजे १८,००० येतील आणि उरलेले २,१६० रिटर्न भरताना खिशातून.

नंतर घेतलं तर? ४५ च्या भावानं ४४४४ युनिटं आणि वर थोडी. किंमत दोन लाख. कर शून्य.

भडंगप्रेमी (जयसिंगपूर)

कळलं. पण मग ज्यानं आधी घेतलं त्याला पुढं विकताना नफा कमी दिसेल की. ५० ला घेतलेत, ४५ पासून वाढणार. तिथं कर वाचेल?

विश्रामबागकर (सांगली, सीए)

प्रश्न बरोबर आहे. वाचेल, पण काय वाचेल ते बघा. इक्विटीत (शेअरमध्ये) किमान ६५ टक्के असलेल्या फंडाला वर्षानंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. २०,००० नफा कमी झाला तर जास्तीत जास्त २,६०० वाचले, आणि सव्वा लाखाच्या आतच बसत असाल तर काहीच नाही. शिवाय ते कधीतरी पुढं. आज ४,१६० द्यायचे आणि काही वर्षांनी कदाचित २,६०० वाचवायचे, हा व्यवहार मार्केट यार्डात कोणी करणार नाही.

लगेच विकून तोटा दाखवायची वाट पूर्वी, डिव्हिडंड करमुक्त होता तेव्हा, कायद्यानं बुजवली होती. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ९४(७). रेकॉर्ड डेटच्या आधी तीन महिन्यांच्या आत युनिटं घेतली आणि नंतर नऊ महिन्यांच्या आत विकली, तर त्या करमुक्त डिव्हिडंडएवढा तोटा धरतच नसत. त्या काळी हा उद्योग जोरात चालायचा; आता डिव्हिडंडवरच कर लागतो, म्हणून ते कलम इथं लागत नाही.

मास्तर (कोरेगाव, जि. सातारा)

सीएसाहेब, ९४(७) लागत नसलं तरी इथं लगेच विकून तोटा दाखवायचा प्रश्नच नाही. रिटायरमेंट फंड आहे हो हा. सेबीनं (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणारी संस्था) २०१७ मध्ये फंडांचं जे वर्गीकरण केलं, त्यात या गटाला पाच वर्षं किंवा निवृत्तीचं वय, यातलं जे आधी येईल तोवर कुलूप घातलं. नऊ महिन्यांत विकणार कुठून?

आणि खरं तर मला तारखेपेक्षा दुसरंच खटकतंय. निवृत्तीसाठी पाच वर्षं कुलूप लावून पैसे ठेवायचे, आणि त्याच खात्यातून दरवर्षी मागच्या दारानं ते काढून घ्यायचे? मग निवृत्तीला राहणार काय, माहितीपत्रक? कृष्णाकाठ, तुम्ही त्याच फंडाचा ग्रोथ पर्याय घ्या. त्यात रेकॉर्ड डेट हा प्रकारच नाही. फंडातल्या कंपन्या डिव्हिडंड देतात तो आतल्या आत राहतो, एनएव्हीत मिसळतो, त्यावर त्या वर्षी तुम्हाला कर नाही. अर्जावर एक खूण इकडची तिकडं केली की तुमचा अख्खा प्रश्न मिटतो.

कृष्णाकाठ (सांगली)

मास्तर, आताच अर्ज काढून बघितला. साहेबांनी पेन्सिलनं आधीच "आयडीसीडब्ल्यू" वर खूण करून ठेवलीय. डिव्हिडंड असा शब्द अर्जावर कुठंच नाही. हे तेच का?

कराडची लेक

तेच. सेबीच्या आदेशानं १ एप्रिल २०२१ पासून डिव्हिडंड पर्यायाचं नाव बदलून इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल केलं. कारण लोकांना वाटायचं की हे कंपनीच्या डिव्हिडंडसारखं नफ्यातून येतं. फंडात तसंच असेल असं नाही. तुम्ही ५० ला युनिट घेता तेव्हा त्यातला काही भाग आधीच्या साठलेल्या नफ्याची किंमत म्हणून फंड वेगळ्या राखीव खात्यात टाकतो, आणि वाटप करताना त्यातूनही देऊ शकतो. म्हणजे तुमच्यापुरतं ते सरळसरळ मुद्दल परत. आता स्टेटमेंटमध्ये उत्पन्न किती आणि मुद्दल किती हे वेगळं दाखवावं लागतं.

माझ्या वडिलांचं एक स्टेटमेंट आत्ता समोर आहे. दुसऱ्या एका फंडाचं, फंडाचं नाव सांगत नाही. तीन ओळी आहेत. पहिली: खरेदी, एनएव्ही ३१.४०. दुसरी, बारा दिवसांनी: वाटप, युनिटमागं २.५० रुपये. तिसरी: त्या दिवशीची एनएव्ही २८.९७. पप्पांनी दुसऱ्या ओळीखाली हिरव्या पेनानं रेघ मारलीय आणि बाजूला "छान" लिहिलंय. तिसऱ्या ओळीकडं बघितलेलंच नाही. त्यांना मी अजून काही बोलले नाही, आणि कृपया इथंही कोणी त्यांना हसू नका, आयुष्यभर एसटीत नोकरी केलीय माणसानं.

आणखी एक. "पुनर्गुंतवणूक" अशी खूण करून कर टळेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पैसे हातात आले नाहीत तरी कर लागतो, आणि त्यातून आलेली युनिटं नवी खरेदी धरतात.

मिरजकर (सध्या न्यू जर्सी)

गाववाल्यांचा धागा बघून राहवलं नाही. इथं अमेरिकेत हा विषय दर डिसेंबरला निघतो. इथल्या फंडांना वर्षभरात झालेला नफा बहुतेक सगळा गुंतवणूकदारांना वाटून टाकावा लागतो, नाहीतर फंडालाच कर बसतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठी वाटपं होतात, आणि जो बिचारा आदल्या आठवड्यात शिरला त्याला न कमावलेल्या नफ्यावर कर. इथले जुने लोक सांगतात, साध्या खात्यात डिसेंबरात फंड घ्यायचा तर आधी वाटपाची तारीख बघ.

पण तेच ४०१(के) किंवा आयआरए या निवृत्तीच्या खात्यात घेतलं तर कोणी तारीख बघत नाही. भाव खाली येतो, तेवढीच युनिटं वाढतात, त्या वर्षी कर नाही. माझा पगारातून ४०१(के) ला दर पंधरवड्याला पैसा जातो, मधे वाटप झालं काय नि नाही काय. प्रश्न तारखेचा नसून खात्याचा आहे. तुमच्याकडं घोटाळा असा की "रिटायरमेंट फंड" नाव असलं तरी तो साधाच फंड, कुलूप लावलेला. त्याच्या वाटपाला करातून वेगळी सूट नाही. नावावर जाऊ नका.

मास्तर (कोरेगाव, जि. सातारा)

मिरजकर लाखातलं बोललात. आमचं एनपीएस त्या ४०१(के) च्या जवळचं. आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, जुनी पेन्शन गेली आणि एनपीएस आलं (त्यावर बोलायला लागलो तर हा धागा भलतीकडं जाईल). माझे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के महिन्याला जातात. त्यात डिव्हिडंड हा पर्यायच नाही. पेन्शन फंडाकडं जे शेअर आहेत त्यांचा डिव्हिडंड, रोख्यांचं व्याज, सगळं एनएव्हीत. हातात काही येत नाही, मधल्या काळात कर नाही, तारीख बघायचं कारण नाही. कृष्णाकाठ, तुम्ही खासगीत असलात तरी एनपीएस उघडता येतं, २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुलं आहे. कंपनी पगारातून भरायला तयार असेल तर नव्या करप्रणालीतही मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट आहे. एचआरला एकदा विचारून बघा.

आबा (वाई)

एवढा वेळ वाचत होतो. वय ७१. माझं म्हणणं वेगळं आहे, पटलं तर घ्या.

मी तीस वर्षं बँकांचे आणि दोन-तीन सरकारी कंपन्यांचे शेअर धरून आहे. उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाळ्यात डिव्हिडंड येतो. त्यावर आमचं गॅस, दवाखाना, पंढरपूरची एक वारी होते. लोक म्हणतात, डिव्हिडंड कशाला, लागतील तेवढी युनिटं विका, तेच झालं. कागदावर तेच असेल. पण माझा हात विकायला धजत नाही, आणि २०२० च्या मार्चमध्ये बाजार झोपला होता तेव्हा ज्यांना दर महिन्याला विकावं लागत होतं त्यांची तोंडं मी बघितली आहेत. डिव्हिडंडवाल्याला त्या वेळी निदान काही विकावं लागलं नाही. तुमच्या गणितात माणसाचा स्वभाव कुठं धरलाय?

हळदबाजार (सांगली)

आबा, मान्य. पण तुम्ही शेअर कधी घ्यायचा ते डिव्हिडंडची तारीख बघून ठरवलं का? नाही ना? तुम्ही तीस वर्षं धरून बसलात. इथं प्रश्न आठवड्याच्या लालचीचा आहे.

विश्रामबागकर (सांगली, सीए)

आबा, उलट तुमच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, जी सहसा कोणी सांगत नाही, कारण "डिव्हिडंड वाईट, ग्रोथ चांगलं" असा पाठच झालाय.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर सवलतीमुळं कर शून्य होतो. ही सवलत स्लॅबच्या उत्पन्नावर आहे. पेन्शन, व्याज, डिव्हिडंड, सगळं त्यात बसतं. इक्विटीच्या भांडवली नफ्यावर मात्र ही सवलत मिळत नाही, त्याचा दर वेगळा ठरलेला आहे. म्हणजे आबांचं एकूण उत्पन्न समजा ७ लाख आहे, तर त्यातल्या डिव्हिडंडवर कर शून्य. तेवढेच पैसे फंड विकून काढले आणि वर्षाचा नफा सव्वा लाखाच्या वर गेला, तर वरच्या भागावर १२.५ टक्के. त्यांच्यासाठी डिव्हिडंड महाग नाही, कधी कधी स्वस्तच पडतो.

कृष्णाकाठ यांना हे लावू नका. ते २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहेत असं आपण धरलंय, आणि त्यांना आज पैसे नकोच आहेत. निवृत्तीनंतर त्यांचाही हिशेब उलटू शकतो, तेव्हा दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची एसडब्ल्यूपी की वाटप, हे त्या वेळचे कायदे बघून ठरवावं. १३ वर्षांनी काय असेल ते आज सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

कराडची लेक

विश्रामबागकर, हे वाचून पप्पांची "छान" वाली रेघ मी आता अजिबात पुसणार नाही :) त्यांचं उत्पन्न १२ लाखांच्या खूप आत आहे.

पण बारा दिवस आधी घेऊन काही मिळालं नाही हे तरी खरंच ना?

विश्रामबागकर (सांगली, सीए)

हो, मिळालं काही नाही, गेलंही काही नाही. त्यांच्या बाबतीत तारीख निव्वळ निरुपद्रवी.

सोमवारपेठ (सातारा)

मूळ प्रश्नातला पीपीएफचा भाग सगळे विसरले. तिथं तारीख खरंच लागते राव! महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. ६ तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. वर्षाचे दीड लाख एकरकमी भरायचे तर ५ एप्रिलच्या आत. सध्या ७.१ टक्के दर आहे, म्हणजे दीड लाखावर वर्षाचं १०,६५०. एक महिना चुकला की ८८७ रुपये कमी. आणि लोक काय करतात, ३१ मार्चला पोस्टात रांग लावतात. त्यांचं जवळपास सगळ्या वर्षाचं व्याज गेलेलं असतं. चेक देत असाल तर तो वटण्याचे दिवस धरून आधी द्या.

व्याज जमा होतं ते वर्षअखेरीला, पण मोजतात महिन्याला. लोक जमेची तारीख बघतात आणि मोजणीची विसरतात.

भडंगप्रेमी (जयसिंगपूर)

मग एसआयपीची (फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरायची) तारीख? ५ चांगली का १० चांगली?

हळदबाजार (सांगली)

पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची. खात्यात पैसे असतील ती. पुढचा प्रश्न.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. साहेबांना फोन केला. म्हणालो ग्रोथची खूण करा आणि मी पुढच्या आठवड्यानंतर बघतो. ते म्हणाले, "सर, मग डिव्हिडंड हुकेल." म्हटलं हुकू दे. दुसरं विचारलं, ग्रोथमध्ये घेतला तर रेकॉर्ड डेटच्या आधी की नंतर? ते म्हणाले, विचारून सांगतो.

आता एचआरकडं एनपीएसचं विचारतो. कंपनी भरत असेल तर दोन लाखांतले किती कुठं, हे नव्यानं मांडावं लागेल. पाच वर्षांचं कुलूप असलेला फंडच हवा का, साधा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकामागं चालणारा) घेऊन आपण आपलं कुलूप लावावं, असंही डोक्यात यायला लागलंय.

मास्तर (कोरेगाव, जि. सातारा)

ग्रोथला आधी-नंतर काही नाही. एनएव्ही कुठल्या दिवसाची मिळते एवढंच बघा: दुपारी ३ च्या आत अर्ज आणि पैसे, दोन्ही फंडाकडं पोचले पाहिजेत. १ फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम कितीही असो, पैसे पोचल्याशिवाय त्या दिवसाचा भाव देत नाहीत. चेकनं दिलात तर दोन-तीन दिवस इकडंतिकडं धरा.

साध्या फंडाला आपण कुलूप लावायचं म्हणता, तर मुलीच्या लग्नात ते टिकेल का हे वहिनींना विचारा.

आबा (वाई)

विश्रामबागकर, माझ्या एका कंपनीनं टीडीएस कापलाय या वर्षी. १२ लाखांच्या आत असून. तो परत कसा?

विश्रामबागकर (सांगली, सीए)

आबा, कापलेला तर रिटर्न भरूनच परत मिळेल, आयकर खात्याकडच्या करकपातीच्या तक्त्यात (२६एएस) दिसतोय का आधी बघा. पुढच्यासाठी, तुमचं वय ६० च्या वर आहे आणि सवलत धरून कर शून्य येतोय, म्हणून कर कापू नका असं सांगणारा फॉर्म (१९६१ च्या कायद्यात १५एच) देता येईल. तो वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्येच, प्रत्येक कंपनीच्या रजिस्ट्रारकडं (शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) वेगवेगळा द्यायचा. बहुतेकांच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरता येतो. पॅन डीमॅटला जोडलेला आहे याची खात्री करा, नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात. फॉर्म भरताना उत्पन्नाच्या रकान्यात सगळं उत्पन्न लिहायचं, फक्त त्या कंपनीचा डिव्हिडंड नाही. तिथंच बरेच जण अडकतात.